खिडकी बुजवून लावलेली सीनरी

गेल्या उन्हाळ्यात काकाजींच्या नव्या घराची वास्तुशांती झाली. चांदूर रेल्वेला. (बाहेरच्यांसाठी: आमच्या अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत, एक बाजार आणि एक रेल्वे. आमचं रेल्वेवालं.) जेवणं आटोपल्यावर दादानं, म्हणजे काकाजींच्या मुलानं, सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं, दिवे लावले आणि म्हणाला, "पाह्य आता!"

समोरची अख्खी भिंत म्हणजे स्वित्झर्लंड. बर्फाचे डोंगर, निळंशार तळं, काठावर लाकडी घर, हिरवळीवर पिवळी फुलं. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत एसी आणि भिंतीवर आल्प्स. पाहुणे खूष. मीसुद्धा "वा!" म्हणालो, खोटं कशाला बोलू.

नंतर पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तेव्हा काकू हळूच म्हणाली, "तिथं खिडकी होती बरं नकाशात. सीनरी मधातून तुटते म्हनून काढून टाकली."

ती खिडकी उत्तरेला होती. त्या बाजूला आमचं उरलेलं वावर आहे.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. काकू, दादा, वाचत असाल तर आधीच माफी मागतो. घर तुमचं, भिंत तुमची, पैसा तुमचा, सगळं कबूल. तरी बोलणार आहे, कारण ही एकट्या तुमच्या भिंतीची गोष्ट नाही.

'उरलेलं' वावर का म्हणालो तेही सांगतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो. ७०१ किलोमीटरचा रस्ता, त्यासाठी साधारण १२० मीटर रुंदीचा पट्टा. त्यातला नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला. त्या पट्ट्यात काकाजींचं निम्म्याहून जास्त वावर गेलं. मोबदला मिळाला, चांगला मिळाला, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. त्याच पैशातून हे घर उभं राहिलं. म्हणजे हिशेब असा झाला की वावर दिलं, भिंत घेतली, आणि उरलेलं वावर दिसू नये म्हणून भिंतीवर स्वित्झर्लंड लावलं. 'दिसू नये म्हणून' असं कुणी ठरवलं नव्हतं हे मला माहीत आहे. न ठरवता झालं, हेच जास्त टोचतं.

आता 'सीनरी' या शब्दाबद्दल. निसर्गचित्र हा शब्द आपण शाळेच्या पुस्तकात ठेवला. घरात लागते ती सीनरी. वऱ्हाडातल्या दहा हॉलमध्ये जाऊन बसा, सीनऱ्यांचे चार-पाच प्रकार आलटून पालटून दिसतील. एक, बर्फाचा डोंगर आणि तळं. दोन, समुद्रावरचा सूर्यास्त आणि वाकलेलं नारळाचं झाड. तीन, धबधबा, तोही जत्रेत मिळतो तो दिव्याचा, वायर लावली की पाणी पडताना दिसतं. चार, सात पांढरे घोडे, जे वास्तूवाल्यांच्या सांगण्यावरून येतात आणि एकदा आले की पुढच्या पिढीपर्यंत धावत राहतात. पाच, शरद ऋतूतली लाल-पिवळ्या पानांची परदेशी वाट आणि त्यावर एक बाकडं. त्या बाकड्यावर मी आजवर कुणाला बसलेलं पाहिलं नाही.

यात पळस नाही. निंब नाही, बाभूळ नाही. पांढरी झालेली पऱ्हाटी नाही. तुरीच्या पिवळ्या फुलांचं तास नाही. नांगरलेली काळी जमीन नाही, जी पाऊस पडून गेल्यावर जांभळी दिसते आणि एप्रिलमध्ये राखाडी होऊन भेगाळते. मालखेडचा तलाव नाही. पोहऱ्याचं जंगल नाही, जिथला साग उन्हाळ्यात पानं गाळून नुसता काड्यांचा उभा असतो. रेल्वेलाईनही नाही. १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली, तेव्हापासून हा लोहमार्ग आमच्या भागातून धावतो, गावाच्या नावात जाऊन बसला, पण गावातल्या एकाही भिंतीवर चढला नाही.

हे कुठून आलं? थोडं कॅलेंडरांतून. थोडं सिनेमातून: 'चांदनी' (१९८९) आणि 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' (१९९५) पाहिलेल्या पिढीला सुंदर जागा म्हणजे स्वित्झर्लंड हे वेगळं सांगावं लागत नाही. पण खरी सुरुवात त्याच्याही आधी होते, आणि ती मला त्याच घरात सापडली.

दादाची मुलगी पाचवीत आहे. तिनं वही आणून दाखवली. 'माझे आवडते निसर्गदृश्य'. दोन त्रिकोणी डोंगर, मधे अर्धा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठावर कौलारू घर, घराशेजारी नारळाचं झाड, वर उडणारे चार पक्षी. मी विचारलं, "बाई, तू नारळाचं झाड कुठं पाहिलं गं?"

ती जरा थांबली. म्हणाली, "नारळ पाह्यला ना, मंदिराजवळच्या दुकानात."

"पण झाड?"

"सीनरीत असतेच ना काका!"

हसू नका. तुम्हीही हेच काढलं होतं, मीही. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत महाराष्ट्रातल्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या हे एकच चित्र काढलंय. कोकणातल्या पोराला त्यात निदान नारळ तरी ओळखीचा असेल. आमच्याकडे क्षितिज सपाट, सूर्य उगवतो तो पऱ्हाटीतून आणि बुडतो तो तुरीत. डोंगराच्या मधून येणारा सूर्य आम्ही वहीतच पाहिला. म्हणजे वयाच्या दहाव्या वर्षी आपण एक गोष्ट पक्की शिकलेलो असतो: चित्रात काढण्यासारखं जे काही असतं, ते आपल्या गावात नसतं. पुढे मोठं झाल्यावर पैसे आले की तीच वही भिंतीएवढी करून लावतो. बस.

आता समोरची बाजू. वास्तुशांतीच्या संध्याकाळी मी थोडा वाद घातलाच. दादा म्हणाला, "दिवसभर उन्हात जीव जाते बावा. घरात आल्यावर डोळ्याले थंड वाटलं पायजे." हे मला शंभर टक्के मान्य. मे महिन्यात चांदुरात राहून बर्फाला नावं ठेवणारा माणूस एक तर एसीत बसलेला असतो, नाही तर पुण्यात. (मी पुण्यात.) पण दादा, थंड वाटायला बर्फच लागतो का? श्रावणातलं आपलं वावर आठव. आभाळ खाली आलेलं, सोयाबीन हिरवंगार, डवरणी चालू, धुऱ्यावर पाणी साचलेलं. त्यानं डोळे निवणार नाहीत?

दुसरा मुद्दा एका पाहुण्यांचा. "घर म्हटलं की काहीतरी हटके पायजे." हटके? अहो, तोच तलाव आणि तेच लाकडी घर मी धामणगावात पाहिलंय, बडनेऱ्यात पाहिलंय आणि पुण्याच्या एका दवाखान्यात नंबर यायची वाट पाहत दीड तास पाहिलंय. छापील माल तो. हटके म्हणजे जे दुसऱ्याकडे नाही ते. आणि तुमच्या बांधावरचा निंब दुसऱ्या कुणाकडेच नाही.

तिसरा मुद्दा काकाजींचा. ते इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वावर काय भिताडावर लावाची चीज हाय का रे?"

यावर मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, कारण हा एकच मुद्दा खरा होता. वावर ज्याचं असतं त्याला ते दृश्य म्हणून दिसत नाही. त्याला त्यात बोंडअळी दिसते, लांबलेला पाऊस दिसतो, सोसायटीचं कर्ज दिसतं, जागलीच्या रात्री दिसतात. ज्या जिल्ह्यांची नावं वर्षानुवर्षं शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत येत राहिली, तिथल्या माणसाला 'काय सुंदर लँडस्केप आहे' असं सांगणं हा पुणेरी आगाऊपणा होऊ शकतो. हे मी स्वतःलाच बजावलं. घरात आल्यावर तरी ते वावर डोळ्यांपुढे नको, असं कुणाला वाटलं तर त्याला कोण चूक म्हणेल?

तरीही मी हटत नाही. त्याचं कारण थोडं लांबचं आहे.

सतराव्या शतकातला हॉलंड. सपाट देश, डोंगर औषधाला नाही, जमिनीचा बराच भाग समुद्राशी भांडून मिळवलेला. म्हणजे तिथल्या माणसालाही जमीन म्हटलं की आधी काळजीच दिसत असणार. आणि नेमक्या त्याच देशात साध्या माणसांनी घरात लावायला निसर्गचित्रं विकत घ्यायची टूम निघाली. १६४१ साली जॉन एव्हलिन नावाचा इंग्रज रॉटरडॅमच्या जत्रेत गेला. तिथं चित्रांचा, त्यातही निसर्गचित्रांचा, केवढा बाजार भरला होता आणि शेतकरीसुद्धा चित्रांत कसे पैसे घालतात, याची त्यानं रोजनिशीत नवलानं नोंद केली. जत्रेत, हं. आपल्याकडे दिव्याचा धबधबा मिळतो तिथं.

त्या काळातला याकोब फान राउसडाल हा चित्रकार घ्या. त्यानं हारलेम गावाची बरीच चित्रं काढली. त्यातल्या हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयातल्या चित्रात जवळजवळ दोन तृतीयांश नुसतं आभाळ आहे. खाली गावाची बारीक रेघ, चर्च, आणि पुढच्या शेतात वाळत घातलेल्या लिननच्या पांढऱ्या पट्ट्या. मी ते चित्र संगणकावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वेचणीला आलेलं वावर आठवलं. सपाट जमीन, ढगांनी भरलेलं मोठं आभाळ आणि खाली पांढरं. फक्त चर्चच्या जागी जिनिंगचं धुराडं ठेवा, झालं चांदूर. सपाट गावात चित्रासारखं काही नसतं असं आपण म्हणतो, आणि त्यांनी सपाटपणातूनच आभाळ काढून दाखवलं.

एवढं लांब कशाला, कोल्हापूर बघा. आबालाल रहिमान (निधन १९३१) मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि परत आपल्या गावी आले. कोटितीर्थाच्या काठी राहून तेच तळं, तोच रंकाळा, तीच पंचगंगा रंगवत राहिले. आजही कोल्हापूरच्या माणसाला आपलं तळं चित्रात शोभतं का, असा प्रश्न पडत नाही. नाशिकचा गोदाघाट, वाई-मेणवलीचे घाट, कोकणातली कौलं यांचं तसंच. तिथं चित्रकार बसले, पुन्हा पुन्हा बसले, आणि जागा 'सुंदर' झाल्या. जागा आधी सुंदर ठरते आणि मग तिचं चित्र होतं असं आपण समजतो. बऱ्याचदा क्रम उलटा असतो. कुणीतरी आधी टक लावून पाहावं लागतं.

आमच्याकडे कुणी पाहिलंच नाही असंही नाही. सय्यद हैदर रझा १९२२ मध्ये मंडला जिल्ह्यात जन्मले. तेव्हा मंडला, नागपूर आणि आमचा वऱ्हाड एकाच प्रांतात होते. वडील जंगलखात्यात. रझा नागपूरच्या चित्रकला शाळेत शिकले, मग मुंबईला, आणि १९५० मध्ये फ्रान्सला गेले ते साठ वर्षांनी परत आले. सुरुवातीला त्यांनी निसर्गचित्रंच केली. पुढे चित्रातली झाडं-घरं गेली, पण काळा, मातकट, शेंदरी, लाल हे रंग राहिले. पॅरिसमध्ये बसून त्यांना लहानपणची जंगलं आणि माती पुरली. आपण त्या मातीवर घर बांधून त्यात आल्प्स आणतो! रझांचं चित्र तुम्ही-आम्ही घेऊ शकत नाही हे उघड आहे. पण त्यांनी जे पाहिलं ते पाहायला पैसे पडत नाहीत.

आता कबुली. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या वर गेली बारा वर्षं काय आहे? पावसात भिजलेला पॅरिसचा रस्ता आणि एक लाल छत्री. कॅनव्हासवर छापलेला. बायकोला आवडला, मला आवडला, घेतला. पॅरिसला मी कधी गेलेलो नाही. तेव्हा दादाच्या भिंतीवर बोट रोखताना तीन बोटं माझ्याकडे आहेत, हे चांदुरातून परतल्यावर कुलूप उघडून दिवा लावला तेव्हाच कळलं.

मग मी काय केलं? आधी चुका केल्या, त्यातून जे शिकलो ते सांगतो. कुणाच्या घराचं काम चालू असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं, भिंत मोजून चित्र घेऊ नका. 'सहा फुटाची जागा रिकामी दिसते' म्हणून घेतलेलं चित्र जागाच भरतं. हातभर लांबीचं, खरं, हातानं काढलेलं जलरंगातलं चित्र मोठ्या भिंतीवर एकटं लावा. माणूस उठून जवळ जाऊन पाहतो. भिंतभर चित्राजवळ कुणी जात नाही.

दुसरं, मोठ्या नावाच्या मागे लागू नका. नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, विद्यार्थी असतात. प्रत्येक तालुक्याच्या गावात एक तरी चित्रकलेचे सर असतात, जे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना पोरं बसवतात आणि सुट्टीत स्वतःसाठी चित्रं काढतात. त्यांना कुणी विचारत नाही. विचारा. आणि 'एक सीनरी काढून द्या' असं सांगू नका, कारण मग तेही बिचारे नारळच काढतील. जागा सांगा, महिना सांगा, वेळ सांगा. "मालखेडचा तलाव, जानेवारी, सकाळी आठ." "आमच्या धुऱ्यावरचा पळस, होळीच्या आधी, उन्हं उतरताना." आणि ठरलेले पैसे वेळेवर द्या. बांधकामाच्या मिस्त्रीला देतो तसे.

तिसरं, जपणूक. जलरंगाला थेट ऊन चालत नाही, रंग उडतात. आमच्याकडच्या उन्हात तर विचारूच नका. म्हणून खिडकीसमोरच्या भिंतीपेक्षा खिडकीच्या बाजूची भिंत बरी. कागद काचेला चिकटू नये म्हणून मधे माउंट हवा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. चित्र छताजवळ टांगून पुढे झुकवायची जी आपली पद्धत आहे ती आजोबांच्या फोटोसाठी ठीक आहे, आजोबा वरून बघतात. निसर्गचित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांच्या आसपास, म्हणजे डोळ्यांसमोर हवा.

आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं. चित्र लावायला खिडकी बुजवू नका. काळ्या मातीतल्या घराच्या भिंतींना भेगा पडतात, त्या झाकायला वॉलपेपर लावला तर मी समजू शकतो. पण जी खिडकी रोज सकाळ-संध्याकाळ आणि बारा महिने वेगळं चित्र दाखवते, ती बंद करून तिच्या जागी कधीच न बदलणारं चित्र लावणं हा व्यवहार कुठल्या हिशेबात बसतो? आमच्या कास्तकाराचा हिशेब एवढा कच्चा कधी नव्हता.

माझं काय झालं? पॅरिसची छत्री अजून आहे, बायको सोडायला तयार नाही. पण दिवाळीत चांदूरला गेलो तेव्हा पुतणीला घेऊन उत्तरेकडच्या वावरात गेलो. कागद, पेन्सिल, रंगपेटी. म्हटलं, दिसतं ते काढ, सीनरी काढू नको. तिला आधी कळेना काय काढायचं. "इथं तं काहीच नाही काका." मग हळूहळू सापडत गेलं. पऱ्हाटी फुटलेली होती. वेचणाऱ्या बायांची लुगडी. मागे महामार्गाचा उंच भराव, सरळ रेघेसारखा, आणि त्यावर मुंगीएवढा ट्रक. तो भराव तिनं हिरवा रंगवला, कारण त्यावर गवत होतं. म्हणजे आता आमच्या क्षितिजालाही डोंगर आला म्हणायचा.

घरी येऊन तिनं चित्र काकाजींना दाखवलं. ते आल्प्सखाली सोफ्यावर बसले होते. चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले. मग एक बोट भरावावर ठेवलं.

"निंब काऊन नाही काढला?"

"तिथं निंब नाहीच ना आजोबा."

"होता. इथं. रोडात गेला." बोट थोडं डावीकडे सरकलं. "इथं नाही, इथं. त्याच्या खाली बंडी सोडत होतो आमी. काढ बरं."

तिनं तिथंच बसून निंब काढला. काकाजी शेजारी बसून सांगत होते, फांदी कुठं वाकली होती, बुडाशी दगड किती होते, सावली दुपारी कुठपर्यंत येत होती. वावर भिंतीवर लावायची चीज नाही म्हणणाऱ्या माणसाच्या डोक्यात ते अख्खं चित्र होतं, दगडाच्या संख्येसकट.

ते चित्र सध्या टीव्हीच्या बाजूला सेलोटेपनं चिकटवलंय. फ्रेम करायला मी सांगून आलोय. दादा म्हणाला, करू. बघू या.

असो. तुमच्या घरात कुठली सीनरी आहे? आणि तिच्या मागे खिडकी तर नाही ना, एकदा बघून घ्या. :)